षट्कोनी तुकडे मशीनवर जोडताना कोपऱ्यात पडणारी चुणी

ताई, दोन षट्कोन मशीनवर नीट जुळतात, पण तिसरा लावताना कोपऱ्यात चुणी पडते, तर गोधडीचे उरलेले काम हाताने करावे का, असे आपण विचारले आहे. हाताने करण्याची गरज नाही. पहिले दोन तुकडे जोडताना आपली टीप कापडाच्या कडेपर्यंत जात असावी. चौकोनी तुकड्यांना ते चालते. षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असल्यामुळे एका बिंदूवर तीन तुकडे भेटतात, आणि तिसऱ्याला त्या खाचेत वळवायचे तर आधीच्या शिवणीचे पाव इंच मार्जिन (टिपेबाहेर उरणारे कापड) मोकळे असावे लागते. टीप फक्त बिंदूपासून बिंदूपर्यंत, म्हणजे शिवणरेषेच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत घाला.

हे बिंदू अंदाजाने घेऊ नका. कंपासने २ इंच त्रिज्येचे वर्तुळ काढून तेच अंतर परिघावर सहा वेळा घेतले की २ इंच बाजूचा षट्कोन मिळतो. त्याच्या बाहेरून पाव इंचावर कापण्यासाठी दुसरी रेघ काढा. मी हा साचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापते आणि आतल्या षट्कोनाच्या सहाही कोपऱ्यांवर तापवलेल्या सुईने भोक पाडते, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला पेन्सिलीचे टोक त्यातून टेकवता येते. गडद कापडावर पांढरी पेन्सिल वापरा.

दोन समोरासमोरच्या बाजू उभ्या धाग्याला धरल्या, तरी उरलेल्या चार तिरक्या पडतात आणि ओढताच ताणतात. यासाठी कापड आधी धुऊन, कांजी करून, इस्त्री करूनच कापा. माझ्या पहिल्या गोधडीसाठी गांधीबागेच्या कापड बाजारातून आणलेली सुती कापडे मी न धुताच कापली होती. पहिल्या धुण्यात काही आटली, काही नाही, आणि कित्येक आठवड्यांचे काम कायमचे वेडेवाकडे झाले. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात कांजीचे कापड गच्चीवर पाहता पाहता वाळते, तेव्हा ही पायरी टाळू नये.

शिवताना दोन्ही तुकड्यांचे बिंदू टाचणीने एकावर एक जुळवा, टाक्याची लांबी साधारण २ मिलिमीटर ठेवा, सुई बिंदूवर हाताने चाक फिरवून उतरवा आणि सुरुवातीला व शेवटी दोन-तीन उलटे टाके घ्या. पायाच्या जुन्या मशीनला उलट टाका नसेल, तर दोऱ्याची टोके लांब सोडून हाताने गाठ मारा. तिसरा तुकडा लावताना एक बाजू शिवा, दोरा तोडा, मार्जिन बोटाने बाजूला सारा, तुकडा वळवून पुढची बाजू नव्याने जुळवा. सुई कापडात ठेवून न तोडता वळवणारेही आहेत, पण हात बसेपर्यंत तोडलेलेच बरे. माझा कोपरा त्यानेच स्वच्छ येऊ लागला.

इस्त्री सगळी जोडणी झाल्यावर, उलट बाजूने करा. प्रत्येक बिंदूभोवती तिन्ही मार्जिने एकाच दिशेने पाडली की मध्ये भोवऱ्यासारखे लहान चक्र उघडते आणि जाडी एका जागी साठत नाही. ते चक्र उघडले नाही, तर कुठेतरी टीप बिंदूच्या पुढे गेली आहे. तेवढे एक-दोन टाके उसवा, चुणी सुटेल.

आधी सात तुकड्यांचे एक फूल शिवून पाहा: सहाही पाकळ्या मधल्या तुकड्याला लावा, मग पाकळ्यांच्या आपसातल्या बाजू आतल्या बिंदूपासून बाहेरच्या बिंदूपर्यंत शिवा, आणि बाहेरही कडेच्या पाव इंच आधीच थांबा, कारण तिथे पुढचे फूल जोडायचे आहे.