चरबी कमी करायची असेल तर हलकी वजनं आणि जास्त रेप्स (वजन सलग जितक्या वेळा उचललं तितके रेप्स), हे खरं आहे का?

नाही. स्नायू वाढवायचे असोत की चरबी घटवायची, व्यायाम जवळपास तोच राहतो, बदलतो तो आहार. हलक्या डंबेलचे तीस-तीस रेप्स मारून पोटावरची चरबी उतरत नाही.

स्नायू वाढवायचे असतील तर रोजच्या गरजेपेक्षा २००-३०० कॅलरी जास्त खा. चरबी घटवायची असेल तर ३००-५०० कमी. प्रथिनं दोन्हीकडे वजनाच्या दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा).

स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं) हा पाया. प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यात १०-१५ सेट (सलग रेप्सची एक फेरी म्हणजे एक सेट), दोन दिवसांत विभागून. दर सेटला ६ ते १२ रेप्स, आणि सेट संपताना आणखी एक-दोन निघतील एवढीच ताकद उरली पाहिजे. सगळ्या सेटमध्ये १२ नीट निघाले की अडीच किलो वाढवा.

गडबड होते ती चरबी घटवताना. लोक वजनं निम्मी करतात, वर तासभर ट्रेडमिल. जड ओझं उचलायचंच नसेल तर शरीर स्नायू कशाला सांभाळेल? काटा खाली येतो, पण त्यात स्नायूही जातात. म्हणून बारवरचं वजन शक्यतो तेवढंच ठेवा. थकवा आला तर सेट एक तृतीयांशाने कमी करा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्क्यापेक्षा जास्त घट नको.

अगदी नवखे असाल तर पहिले काही महिने स्नायू वाढवणं आणि चरबी घटवणं दोन्ही एकदम जमतं.