गाडी ‘फोर लो’मध्ये घेताना खरखर का होते?

प्रश्न : आमची केळीची बाग रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात काळी जमीन भिजली की आमची जुनी, दोन दांड्यांची फोर बाय फोर गाडी ‘फोर लो’मध्ये (चारही चाकांना जास्त जोर, पण कमी वेग) घ्यावी लागते. चालत्या गाडीत छोटा दांडा ओढला की मोठी खरखर होते आणि परतताना डांबरी रस्त्यावर आल्यावर तो दांडा निघता निघत नाही. यामुळे काही तुटेल का? योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, रावेर

उत्तर : तुटू शकते, आणि हे काम खर्चाचे आहे. मुख्य गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दोन चक्रांची गती जुळवून घेणारी सिंक्रो रिंग असते. जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे नेणारी, छोट्या दांड्याने चालणारी पेटी) ‘लो’साठी ती बहुधा नसते. शिवाय ‘लो’चे गिअर-प्रमाण साधारण दोन ते अडीच पट असल्यामुळे, चाकांचा वेग तेवढाच असताना गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट तितक्या पटीने अधिक वेगाने फिरावा लागतो. ती गती जुळलेली नसताना दांडा ओढला की दातांच्या कडा झिजतात. गाडी पूर्ण थांबली की दोन्ही बाजू स्थिर होतात आणि जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून चिखलात शिरण्यापूर्वीच, सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबावे आणि मग छोटा दांडा न अडखळता ‘फोर लो’पर्यंत न्यावा. दात समोरासमोर आल्यामुळे तो अडला तर जोर लावू नये. दांडा ‘फोर हाय’मध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) परत आणून गाडी हातभर पुढे घ्यावी, थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. गाडी उभी असूनही खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता आहे आणि तो मेकॅनिकला दाखवणे इष्ट. बटणाच्या नव्या गाड्यांतही नियम तोच. ‘फोर लो’चा दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये.

हँडब्रेकचा आग्रह मी सवयीपोटी धरत नाही. बहुतेक गाड्यांत ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ यांच्यामध्ये ट्रान्सफर केसचा स्वतःचा न्यूट्रल असतो. दांडा तिथे अडकला की मुख्य गिअर पहिल्यात असला तरी इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो आणि नाल्याच्या उतारावर उभी गाडी घरंगळू लागते. माझ्या मते दात झिजण्यापेक्षा हा धोका मोठा आहे.

दांडा न निघण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसावा. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून हा फरक मिटवतात, पण बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गासारख्या कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्याने सारा ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो. अशा वेळी गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो. मुळात डांबर लागण्याआधीच, शेताच्या बांधाजवळ थांबून, दांडा ‘टू हाय’मध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) आणावा.

पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी किंवा सोडवणारी कळ) असतील, तर ‘लो’ टाकण्याआधी ते लॉक केलेच पाहिजेत. अन्यथा वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो आणि भरल्या गाडीत तो ॲक्सल तुटू शकतो.