शूटर गेममध्ये टीममेटला आपलीच गोळी लागते, ते फ्रेंडली फायर सरळ बंद का करत नाहीत?

बंद करत नाहीत, कारण ते गेलं की ट्रिगर दाबण्याआधी विचार करायची गरजच संपते. दारात टीममेट उभा असला तरी त्याच्या आरपार बिनधास्त फायरिंग करता येतं, झटापट चालू असलेल्या खोलीत ग्रेनेड टाकता येतो, आणि कोणी कुठला कोपरा धरायचा हे बोलून ठरवण्याला फारसा अर्थ उरत नाही. टॅक्टिकल शूटरचा, म्हणजे डावपेचांवर चालणाऱ्या शूटर गेमचा, जीव नेमका या बोलण्यातच असतो. म्हणून काउंटर-स्ट्राइक २ च्या कॉम्पिटिटिव्ह मोडमध्ये ते चालू असतं, फक्त टीममेटला लागलेल्या गोळीचं डॅमेज शत्रूच्या मानाने साधारण एक तृतीयांश धरलं जातं. व्हॅलोरंटमध्ये टीममेटला गोळीने काही होत नाही, पण ब्रिमस्टोन या पात्राने लावलेली आग आपल्या माणसालाही भाजते. मला ही तडजोड छान वाटते. ओव्हरवॉचमध्ये सगळे एकाच जागी एकमेकांवर तुटून पडतात, तिथे ते बंद आहे आणि तेच बरोबर.

एक अडचण मात्र खरी आहे: अनोळखी लोकांसोबत खेळताना काही जण मुद्दाम आपल्याच टीमला मारतात. त्यावर रेनबो सिक्स सीजने २०१९ मध्ये रिव्हर्स फ्रेंडली फायर आणलं. अशा खेळाडूवर ते लागू झालं, की टीममेटला मारलेल्या गोळीचं डॅमेज त्याचं त्यालाच बसतं. खेळातली जोखीम न काढता त्रास देणाऱ्याला आवरायचा हा उपाय मला सगळ्यात पटतो.