लपवून खाऊ नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला आणि पत्रच लिहायला बसले. फोनवर मी चिडले असते आणि तू गप्प झाली असतीस.

मुलगा चांगला, घर चांगलं, मानपानाची भाषा नाही, तुझी नोकरी चालू राहणार. हे सगळं आनंदाने लिहून झाल्यावर अगदी शेवटी, किरकोळ बाब असावी तशी ती ओळ आली : ‘त्यांच्या घरात मासे-मटण चालत नाही. तो म्हणतो आपण बाहेर खात जाऊ, फक्त आईला कळू द्यायचं नाही. बाई, एवढ्याशा गोष्टीवरून अडून बसणं बरोबर आहे का?’

गोष्ट एवढीशी असती तर ती लपवावी लागली नसती.

तो स्वतः ऑफिसच्या मित्रांबरोबर बिर्याणी खातो आणि त्याच्या आईला ते माहीत आहे, हेही तूच लिहिलंयस. ‘पुरुष माणूस आहे, बाहेर खाणारच’ म्हणून ती सोडून देते. मग लपवायचं कुणी? एकट्या तू. त्याने खाल्लं तर ती आवड, तू खाल्लंस तर घराची अब्रू. एवढं स्पष्ट दिसत असताना तू ‘माझंच काही चुकतंय का’ असं विचारतेस, याचा मला राग आला. तुझा नाही. हा प्रश्न तुझ्याच मनात का यावा आणि त्याच्या का येऊ नये, याचा.

हे काही तुझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी बघ. १५ ते ४९ वयातल्या पुरुषांपैकी मासे, चिकन, मटण कधीच खात नाही असं सांगणारे सुमारे १७ टक्के, आणि बायकांमध्ये तेच सांगणाऱ्या २९ टक्के. आधीच्या फेरीत असे पुरुष जवळजवळ २२ टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत पुरुष भराभर खायला लागले, बायका होत्या तिथेच राहिल्या. त्याच घरातली, त्याच जातीतली, त्याच हातचं खाऊन वाढलेली माणसं ही. बायकांच्या जिभा काही निराळ्या घडलेल्या नाहीत. त्याच सर्वेक्षणात बायकांमधला रक्तक्षय ५७ टक्के आहे, पुरुषांमधला २५. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच, पण आपल्या पानात शेवटी काय उरतं, हेही त्यात आहे.

बाईने काय खावं हे ठरवायचा हक्क आपल्याकडे बाई सोडून सगळ्यांना होता. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेला कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य होता, एकवेळ जेवायला लावायचे. कारण काय, तर तसल्या खाण्याने शरीरात विकार जागे होतात. तिच्या ताटावरचा पहारा हा मुळात तिच्या देहावरचा पहारा होता. पुढे केशवपन गेलं, आलवण गेलं, पण घराचं सोवळं बाईच्या तोंडाने सांभाळायचं, हे गेलं नाही. तुझ्या होणाऱ्या सासूबाई तेच सांभाळताहेत. त्यांना दुष्ट ठरवू नकोस. त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नसणार.

आणि आपल्या कोकणात सगळं उजळ आहे, असंही समजू नकोस. बाईने मासळी बाजारात बसून विकावी, खवलं काढावीत, तिरफळं घालून बांगड्याचं कालवण करावं, याचा कुणाला विटाळ होत नाही. वाढताना मात्र सुरमईची मधली तुकडी कुणाच्या ताटात जाते, ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. घाटावरच्या जत्रांत मटणाची चूल बाहेर पेटते, पुरुष मोठ्या हौसेने हंडा ढवळतात आणि त्यांचं कौतुक होतं. भाकऱ्यांचा ढीग मात्र बायका थापतात, त्याचं नाव कुणी घेत नाही.

माझी आई मला कालवणाचं मीठ बघायला लावायची, कारण तिचा उपास असायचा. वडील वार पाळत नसत, म्हणून सोमवारीही मासे शिजायचे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, असे आईचे उपास वाढतच गेले. घरात माणसं बरीच होती आणि पैसे बेताचे. ते उपास तिने देवासाठी धरले होते की मासा सगळ्यांना पुरावा म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. ही खंत माझी जाणार नाही, आणि मी एवढी ताणून का धरते याचं उत्तरही बहुधा त्यातच आहे. म्हणून सांगते, लपवून खाऊ नकोस.

तू म्हणशील, बाई, तुमचा काळ वेगळा होता, आता पोरी पुण्यात फ्लॅट घेऊन राहतात, हवं ते मागवतात, मुलंही स्वयंपाक करतात. करतात ना. तुझाही रविवारी मित्राच्या फ्लॅटवर चिकन करतो, फोटो पाठवतो. पण सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. शिवाय असं काम करणारे पुरुष चारातला जेमतेम एक. रविवारचं चिकन त्याचं आणि सोमवारच्या पोळ्या तुझ्या, हा बदल मला पुरेसा वाटत नाही. तरी ते नंतर बघू. पोळ्यांवरून भांडायला आयुष्य पडलंय, कारण पोळ्या सगळ्यांना दिसतात. लपवलेल्या घासावरून भांडताच येत नाही, कारण तो घास कुणी खाल्लेलाच नसतो.

उघड होण्यात केवढी ताकद असते, ते गिरणगावात दिसलं. गावाकडून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातलं, पण त्या घरात बसून रांधतात म्हणून त्यांना कुणी कामकरी मानत नव्हतं, आणि किराणा भरायला सावकाराशिवाय दार नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्याच बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. स्वयंपाक तोच, हात तेच. फक्त आपण काय करतो हे त्यांनी चारचौघांत सांगितलं.

मी स्वतः शाकाहारी घरात पडले, हे तुला माहीत आहे. लग्न ठरतानाच सांगितलं होतं की मी मासे खाते आणि खाणार. तुमच्या स्वयंपाकघरात शिजवणार नाही, तुमच्या भांड्यांना लावणार नाही, पण खोटं बोलणार नाही. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली, वेगळी भांडी ठेवली. ज्या दिवशी मी मासे करी, त्या दिवशी सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नसत. नणंदेच्या केळवणाला मला वाढायला येऊ दिलं नाही. सासरचे अजूनही मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी घर मोडलं नाही. नवऱ्याने जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण बाजारातून मला आणून द्यायचा, पिशवी झाकून न घेता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं सोवळ्यातलं मीच केलं, आणि त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं, कारण मी आंघोळ करून आले म्हटलं की आले असणार, याची त्यांना खात्री होती. चोरून खाणारीवर त्यांनी असा भरवसा ठेवला असता का? मला नाही वाटत. माझ्या मुलींनी आईला दाराआड खाताना पाहिलेलं नाही. तेवढ्यासाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

तुला मासे सोडायचे असतील तर सोड. मनापासून सोडलेस तर मी एक शब्द बोलणार नाही. त्यांच्या स्वयंपाकघराचा नियमही पाळ. घर त्यांचं आहे, त्यांच्या देवाचं आहे, तिथे सुकटीचा वास नको असेल तर नको. एवढी तडजोड कुणीही करावी. पण सोडलेस तर सांगून सोड आणि खाल्लंस तर सांगून खा. हॉटेलातून निघताना बडीशेप चघळत, कपड्यांना वास येतोय का ते बघत घरी शिरणारी सून होऊ नकोस. पोटात मूल असताना मासा खावासा वाटेल, तेव्हा कुणाला सांगशील? पुढे ते मूल विचारेल की बाबा खातात ते आजीला चालतं, तू खाल्लेलं का सांगायचं नाही, तेव्हा त्याला काय शिकवशील? खोटं बोलायला?

‘समजूतदार आहे तो’ असं तू लिहिलंयस. असेलही. मग त्याची समजूत त्याच्या आईसमोर चालते का, ते बघ. साखरपुड्याच्या आत त्याला सांग, ‘ही मासे खाते आणि लग्नानंतरही खाईल, घरात शिजवणार नाही’ हे वाक्य त्याने आईला सांगायचं. तू नाही, त्याने. तू शेजारी बस. त्या रागावतील, रडतीलही कदाचित, ते होऊ दे. त्या काय म्हणतात यापेक्षा तो वाक्य पूर्ण करतो का, तिकडे तुझं लक्ष हवं.

‘आत्ताच कशाला विषय काढायचा, नंतर बघू’ असं म्हणाला तर मला लगेच फोन कर. रात्री उशिरा केलास तरी चालेल. आणि त्याने सांगितलं तर दोघं मिळून इकडे या. तो खाणार असेल ते त्याला वाढीन, तुझ्यासाठी पेडवे आणून ठेवते.

तुझी,
बाई