अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढतेय, मग तिथला समाज खरंच अधोगतीला लागलाय का?

लागलाय, निदान आमच्या भागात तरी. पण त्याचं कारण "तिकडे कुटुंबव्यवस्थाच नाही" असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. आमचे सांगलीचे भाऊजी दर फोनला हेच ऐकवतात.

मी ओहायोत, डेटनजवळ राहते. इथल्या मोरेन गावातला जनरल मोटर्सचा (जीएम) गाड्यांचा कारखाना २००८च्या डिसेंबरात बंद झाला. शेजारच्या आजींचा मुलगा तिथे कामाला होता. मग तो घरांची छपरं घालायला जाऊ लागला, रोजंदारीवर, विमा नाही. पाठ धरली. डॉक्टरने अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी मिळेनाशी झाल्यावर हेरॉइन, आणि हेरॉइन म्हणून हातात पडलं ते फेंटानिल, त्याहून कितीतरी जहाल. बर्फ पडला की न सांगता आमच्याही दारातला बर्फ ओढून जाणारा माणूस, गेला.

आजी सत्तरीत शाळेची बस चालवतात आणि त्याची दोन मुलं वाढवतात. फ्रिजवर नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा नशेवरच्या उताऱ्याचा, स्प्रे असतो. कुणी बेशुद्ध पडलं तर तो नाकात कसा मारायचा, हे थोरल्या नातवाला शिकवून ठेवलंय. अशा नातवंडं वाढवणाऱ्या आज्या इथे गल्लोगल्ली आहेत. भाऊजी, ही कुटुंबव्यवस्था नाही तर काय आहे?

आकडे हवेत तर, २०१४ ते २०१७ अर्थव्यवस्था दरवर्षी वाढली आणि सरासरी आयुर्मान ७८.९ वरून ७८.६ वर आलं. २०२१ साली ते ७६.४ होतं, त्यात कोविडचा वाटा मोठा, पण त्याच वर्षी नशेच्या अतिसेवनाने लाखाहून जास्त माणसं गेली. जीडीपीत व्यसनमुक्ती केंद्राचं बिल जमेला धरतात. आजी नातवंडांसाठी घरात राबतात, त्याचा एक डॉलरही नाही.

हां, २०२३ला आयुर्मान पुन्हा ७८.४ झालं आणि २०२४ला नशेचे बळीही बरेच घटले. शिवाय मी सांगतेय ते बंद कारखान्यांच्या गावाचं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींना विचाराल तर ते मला वेड्यात काढतील.

मुलाला पाठवायचं म्हणून विचारत असाल तर खुशाल पाठवा. फक्त ऑफर लेटरमध्ये पगाराआधी आरोग्यविमा वाचायला सांगा. आमचे भाऊजीसुद्धा मेडिक्लेमचा हप्ता एक दिवस चुकवत नाहीत. संस्कारांवर एवढा भरवसा असेल तर बंद करा म्हणावं.