अकरा आठवडे वहीत राहिलेली एक ओळ

“रोज रात्री टेबलाशी बसते. दीड तास जातो आणि एक परिच्छेदसुद्धा होत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?” नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या, चौथ्या वर्षात पोचलेल्या एका प्राध्यापिकेचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विषय महिला बचत गटांचा, मुलाखती १८, सगळ्या रेकॉर्ड केलेल्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधाला सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे मुदत काही उंबऱ्यावर आलेली नव्हती. तरी जीव टांगणीला लागलेला.

अशा वेळी आधी झोप, भूक आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांची चौकशी करावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल आणि हे सगळंच बिघडलं असेल, तर कामाचा तक्ता पुरत नाही. डॉक्टरांना भेटावं किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करावा. इथे तसं नव्हतं. मग त्यांची वही पाहिली. अकरा आठवडे रोज एकच ओळ लिहिलेली होती : ‘प्रकरण ३ लिहिणे’.

खोट होती ती या ओळीत. सुरुवात कुठून करायची हे तिच्यात नाही, आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं तेही नाही. रोज रात्री दीड तास काम करूनही ओळ जिथल्या तिथे, त्यामुळे प्रत्येक रात्र नापास झाल्यासारखी. याला आळस म्हणणं अन्यायाचं होतं, आणि ते त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

प्रकरण ३ म्हणजे संशोधन पद्धती. त्याचे सहा भाग पडले : नमुना निवड, प्रश्नावलीची घडण, पूर्वचाचणी, मुलाखतींचा तपशील, विश्लेषणाची पद्धत, मर्यादा. प्रत्येक भागाचे पुन्हा चार तुकडे : टिपणं एकत्र करणे, कच्चा मसुदा, तक्ता किंवा आकृती, संदर्भ तपासणे. एकूण २४. नियम एकच, तुकड्याच्या शेवटी हातात काहीतरी दाखवण्याजोगं असलं पाहिजे. ‘नमुना निवडीवर विचार करणे’ खोडलं. ‘गावांची निवड का केली, यावर ३०० शब्द’ ठेवलं.

तुकडा केवढा असावा? प्रकल्प व्यवस्थापनात ८ ते ८० तासांचा ठोकताळा चालतो, पण तो पूर्णवेळ माणसांच्या गटासाठी. या बाईंकडे चार रात्री दीड-दीड तास आणि रविवारी चार तास, म्हणजे आठवड्याला दहा तास. आठ तासांचा तुकडा त्यांचा जवळजवळ अख्खा आठवडा खाणार. म्हणून माप ठरलं दीड तासाचं, एका बैठकीत संपेल एवढं.

पहिल्या आठवड्यात सहा तुकडे ठरले, तीन झाले. त्या रडवेल्या झाल्या. पण यादीतली चूक नेमकी इथेच सापडली. ‘मुलाखतींचा तक्ता’ म्हणून एकच तुकडा लिहिला होता. तारीख, गाव, गटाचं वय ही माहिती होती रेकॉर्डिंगच्या पोटात. एका मुलाखतीला वीस मिनिटं धरली तरी १८ मुलाखतींचे सहा तास, म्हणजे चार बैठका. अशी दडलेली कामं उलगडल्यावर २४ चे ३१ झाले. यादी वाढली की पुष्कळ जण धीर सोडतात. वास्तविक काम तेवढंच असतं, फक्त आता दिसायला लागतं.

वेळेचा अंदाज चुकणं हे तर सार्वत्रिक आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंधिका पुरी होण्याचा अंदाज सरासरी ३४ दिवस दिला होता, लागले ५५. म्हणून बाईंनी प्रत्येक तुकड्यापुढे अंदाज आणि लागलेला वेळ असे दोन आकडे लिहिले. दोन आठवड्यांत त्यांचं स्वतःचं प्रमाण मिळालं, दीडपट. ३१ तुकडे, दीड तास, त्याची दीडपट : सुमारे ७० तास, म्हणजे सात आठवडे. ही तारीख त्यांनी मार्गदर्शकांना कळवली.

नोंदीसाठी भिंतीवर कार्डशीट आणि चिकटचिठ्ठ्या. रकाने चार : बाकी, हातात, दुसऱ्याकडे, झालं. ‘हातात’ एका वेळी दोनच. ‘सत्तर टक्के झालं’ हे मोजायचं नाही. अर्धवट तुकडा शून्य. कडक वाटेल, पण अर्धवटाला गुण दिले की उरलेले तीस टक्के महिनोन्‌महिने रेंगाळतात. ‘दुसऱ्याकडे’ हा रकाना फार कामाचा : वाचायला दिलेला मसुदा, परत कधी विचारायचं ती तारीख. तो नसला की मार्गदर्शकांच्या उत्तराची वाट पाहण्यातच आठवडे जातात. रविवारी वीस मिनिटं झालेल्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि जी दोन आठवडे हलली नाही, तिच्यात कोणती माहिती कमी आहे ते शोधायचं.

मधे परीक्षेचं पर्यवेक्षण आलं, एक आठवडा बुडाला. आठव्या आठवड्याच्या शेवटी प्रकरण ३ ची चिठ्ठी ‘दुसऱ्याकडे’ गेली, तीन आठवड्यांनंतरची तारीख घालून. त्याच रात्री ‘हातात’ नवी चिठ्ठी लागली : ‘मुलाखत क्र. १, कर्जफेडीबद्दलची वाक्यं वेगळी काढणे’.