अलिबागजवळच्या नवगावला ज्यू लोकांचं पहिलं दफनस्थान आहे, असं ऐकलं. त्याचा इतिहास काय? ते किती जुनं आहे?

मी अलिबागकडचाच. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय, म्हणून लिहितो.

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले, ते खांदेरी-उंदेरी बेटांजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं नवगावला पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची दुसरीकडे. तिथे दिसणारे उंचवटे म्हणजे तीच थडगी. समाजाने पुढे तिथे स्मारक उभारलं.

किती जुनं, याचं नेमकं साल कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या उंचवट्यांवर ना नाव, ना लेख. धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं परंपराच सांगते. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी हे आगमन इ.स.पू. १७५च्या सुमाराचं मानलं. काही अभ्यासक पुष्कळ नंतरचा काळ धरतात. २०१६च्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की मध्यपूर्वेतले ज्यू आणि इथले लोक यांची सरमिसळ साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाली असावी. पण सरमिसळीचा काळ म्हणजे येण्याचा काळ नव्हे, ते आधीही आलेले असू शकतात.

माझ्या मते साल शोधण्यापेक्षा त्या चौदा जणांचं पुढे काय झालं, ते जास्त मोलाचं आहे. वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे धरले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ग्रंथ नव्हते, तरी ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलांची सुंता आणि खाण्यातले नियम त्यांनी सोडले नाहीत. ज्या गावात राहिले त्याचं आडनाव झालं: नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. बोली मराठीच. यातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. आता समाजातले बहुतेक जण इस्रायलमध्ये आहेत, तरी तिथल्या घरांतही मलिद्याचं ताट होतं: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं.

नवगावला गेलात तर उंचवट्यांवर चढू नका, बसू नका. ही आजही कुणाच्या तरी पूर्वजांची जागा आहे. शनिवार टाळा. ज्यूंमध्ये थडग्यावर छोटा दगड ठेवायची रीत आहे, तुम्हीही ठेवू शकता. तिथून खंडाळ्याला जा (हा अलिबागजवळचा, घाटातला नव्हे). एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, तिथून स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे, आणि खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. अलिबागच्या इस्रायल आळीतलं १८४८ सालचं ‘मागेन आबोथ’ सिनेगॉगही बघा. आत शिरण्याआधी डोकं झाका.